दिव्यांग रुग्णाला प्रत्यारोपण ‘नाही’ म्हणाले तर? नाशिकमधून सुरुवात करणाऱ्यांसाठी

माझ्या धाकट्या भावाला, बाळूला, डाउन सिंड्रोम आहे. वय ३१. तीन वर्षांपूर्वी त्याच्या किडन्या निकामी झाल्या आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. प्रत्यारोपणाचं विचारायला आम्ही एका रुग्णालयात गेलो. डॉक्टरांनी फाइल उघडली, बाळूकडे पाहिलं, फाइल मिटली. “ताई, अशा पेशंटचं ट्रान्सप्लांट आम्ही करत नाही. डायलिसिस चालू ठेवा.” आई “बरं” म्हणाली आणि आम्ही रिक्षा करून घरी आलो.

त्या “बरं”मध्ये आमचे आठ महिने गेले. एकही तपासणी झाली नव्हती, कुणी कागदावर एक ओळ लिहून दिली नव्हती, आणि आम्हीही ती मागितली नव्हती. पुढे जे धावपळ करत शिकलो ते इथे क्रमाने मांडते आहे. मी वकील नाही, सहकारी बँकेत क्लार्क आहे. त्यामुळे कागदाची किंमत मला कळते, एवढंच.

आधी कायदा, जेवढा लागतो तेवढाच

अवयव प्रत्यारोपणाचा आपला कायदा १९९४ चा. त्यात २०११ साली सुधारणा झाली आणि २०१४ साली नवे नियम आले. हा कायदा मुख्यतः अवयवांची खरेदी-विक्री रोखायला आणि मेंदूमृत व्यक्तीच्या अवयवदानाला चौकट द्यायला केलेला. अवयव घेणारा दिव्यांग असेल तर त्याला नाकारू नका, असं वाक्य त्यात नाही. पण दिव्यांगाला अवयव देऊ नका, असंही कुठे नाही. “कायद्यातच बसत नाही” असं कुणी सांगितलं तर कलम विचारा. सांगता येणार नाही.

आपल्या कामाचा कायदा दुसरा आहे: दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६. १९ एप्रिल २०१७ पासून तो लागू आहे. त्यातली चार कलमं डायरीत लिहून ठेवा.

कलम ३ म्हणतं, दिव्यांगत्वाच्या कारणावरून भेदभाव करता येणार नाही. त्याला एक अपवाद आहे: ती कृती एखादं रास्त उद्दिष्ट गाठण्यासाठी आणि त्या प्रमाणातच केली आहे, असं दाखवता आलं तर. म्हणजे डॉक्टर वैद्यकीय कारणाने नाही म्हणू शकतात, पण कारण दाखवावं लागतं. हृदय भूल सहन करणार नाही, हे कारण झालं. “अशा पेशंटचं” हे कारण झालं नाही. कलम २ मधल्या भेदभावाच्या व्याख्येत ‘वाजवी सोय’ (दिव्यांग माणसाला इतरांसारखी सेवा घेता यावी म्हणून केलेला गरजेचा, झेपेल असा बदल) नाकारणंही येतं, आणि आपली बहुतेक लढाई याच शब्दावर असते. कलम १३ प्रमाणे दिव्यांग व्यक्तीला इतरांसारखीच कायदेशीर क्षमता आहे. कलम २५ आरोग्यसेवेबद्दल आहे: सरकारी आणि खासगी रुग्णालयांच्या सगळ्या भागांत अडथळ्याविना जाता यावं, तपासणीत आणि उपचारात प्राधान्य मिळावं.

रुग्णाला मानसिक आजार असेल तर मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ चं कलम २१ जोडीला घ्या. शारीरिक आजाराच्या रुग्णाला जी वागणूक मिळते तीच मानसिक आजार असलेल्यालाही मिळाली पाहिजे, असं ते सांगतं.

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत सँड्रा जेन्सन या डाउन सिंड्रोम असलेल्या बाईला १९९५ साली हृदय-फुप्फुस प्रत्यारोपण नाकारलं गेलं. गदारोळ झाला आणि जानेवारी १९९६ मध्ये शस्त्रक्रिया झाली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने असा भेदभाव रोखणारा कायदा केला. पुढे इतर अनेक राज्यांनी केले. तिथल्या नॅशनल कौन्सिल ऑन डिसॅबिलिटीने २०१९ च्या अहवालात स्पष्ट म्हटलं आहे की ज्या दिव्यांगत्वाचा त्या अवयवाशी संबंध नाही, त्याचा प्रत्यारोपणाच्या यशावर सहसा फारसा परिणाम होत नाही. हा अहवाल इंटरनेटवर मोफत मिळतो. मी त्याची चार पानं छापून फाइलला लावली. डॉक्टरांनी वाचली की नाही ठाऊक नाही, पण त्यानंतर बोलण्याचा सूर बदलला.

पहिलं काम: यूडीआयडी

यूडीआयडी म्हणजे दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र. त्यासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा, मग तारीख मिळेल त्या दिवशी त्र्यंबक रोडवरच्या सिव्हिलमध्ये तपासणीला जायचं. सकाळी लवकर जा, डायलिसिसचा दिवस टाळा, एवढं पुरे.

इथे दोन गैरसमज हटकून होतात. एक, “डायलिसिसवर आहे म्हणजे दिव्यांग प्रमाणपत्र मिळेल.” मिळत नाही, कायद्याच्या यादीतल्या २१ प्रकारांत किडनीचा आजार नाही. दुसरा, “४० टक्क्यांच्या खाली आहे म्हणजे हक्कच नाही.” ४० टक्क्यांची अट आरक्षण आणि काही सवलतींना आहे, भेदभावबंदीला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या विकास कुमार निकालात हा फरक नीट समजावला आहे. प्रकरण परीक्षेतल्या लेखनिकाचं होतं, पण वाजवी सोय माणूस बघून ठरवायची, टक्केवारी बघून नव्हे, हे तत्त्व तिथूनच घ्यायचं.

दुसरं काम: ‘का नाही’ ते लेखी मागा

हे एक काम केलंत तर निम्मं पुढे गेलात. तोंडी नकाराविरुद्ध दाद मागता येत नाही, कारण उद्या समोरचा म्हणतो, आम्ही नकार दिलाच नव्हता. आमच्या बाबतीत नेमकं हेच झालं.

अर्ज साधा ठेवा. भांडू नका, कायद्याची कलमं ओतू नका. मी दिला तो मजकूर जवळजवळ असा होता:

“माझा भाऊ आपल्याकडे अमुक तारखेपासून किडनीविकारासाठी उपचार घेत आहे. त्याला बौद्धिक दिव्यांगत्व आहे. प्रत्यारोपणासाठी तो योग्य आहे की नाही, याची संपूर्ण तपासणी व्हावी अशी आमची विनंती आहे. तो योग्य नसल्याचे आपले मत असल्यास त्याची वैद्यकीय कारणे लेखी द्यावीत. दिव्यांगत्वामुळे काही अडचण वाटत असल्यास ती कोणती, आणि कोणत्या सोयीने ती दूर होऊ शकेल, हेही कळवावे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ३ व २५ खाली हा अर्ज करीत आहे.”

दोन प्रती न्या, आवक शिक्का घेऊन एक परत आणा. शिक्का देत नसतील तर पोस्टात जाऊन पोच मिळेल अशा पद्धतीने पाठवा आणि ईमेलही करा. अर्ज डॉक्टरांच्या नावे नको, वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे करा. प्रत प्रत्यारोपण समन्वयकाला द्या. हे समन्वयक म्हणजे या सगळ्या यंत्रणेतले सगळ्यात उपयोगी लोक. डॉक्टर दोन मिनिटं भेटतात, समन्वयक फोन उचलतात.

त्याच दिवशी सगळ्या केसपेपरांच्या प्रती मागा. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार, मागितल्यापासून ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात. खासगी रुग्णालयांना महाराष्ट्राच्या २०२१ च्या सुधारित नर्सिंग होम नियमांप्रमाणे रुग्णहक्कांची सनद लावावी लागते. नोंदी मिळण्याचा आणि दुसऱ्या डॉक्टरचं मत घेण्याचा हक्क त्यात आहे. भिंतीवर ती सनद असेल तर मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा.

आम्हाला उत्तर यायला तीन आठवडे लागले. त्यात लिहिलं होतं, “रुग्ण औषधे नियमित घेऊ शकेल याबाबत साशंकता.” वाचून आई रडली. मला मात्र बरं वाटलं, कारण आता उत्तर देता येईल असं काहीतरी हातात होतं.

तिसरं काम: शंकेला योजनेने उत्तर द्या

डॉक्टरांची शंका खोटी नसते, हे मान्य करायला मला वेळ लागला. प्रत्यारोपणानंतर शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमससारख्या गोळ्या आयुष्यभर, बहुधा दर बारा तासांनी, घ्याव्या लागतात. चुकल्या तर मिळालेली किडनी जाते. म्हणून “तो घेईल का?” हा प्रश्न विचारलाच पाहिजे. पण तो सगळ्यांना विचारला पाहिजे. चांगले शिकलेले, नोकरीवाले लोक गोळ्या विसरतात. आणि दिव्यांग रुग्णाच्या बाबतीत तो “एकटा घेईल का?” असा विचारणं चूक, घरच्यांची मदत धरून विचारायचा. मदत धरायचीच नाही म्हणणं म्हणजे वाजवी सोय नाकारणं.

आम्ही दोन महिन्यांची वही केली. बाळूचा गोळ्यांचा डबा रंगीत आहे, सकाळ पिवळी, रात्र निळी. नऊचा गजर झाला की तो जेवणावरूनही उठतो. गोळी घेतली की वहीत तो स्वतः टिकली चिकटवतो आणि शेजारी मी किंवा आई सही करते. पिण्याच्या पाण्याची बाटली मोजून भरलेली. डायलिसिस सेंटरमधल्या सिस्टरनी एका कागदावर लिहून दिलं की दीड वर्षात याने एकही पाळी चुकवली नाही आणि सुई टोचताना त्रास देत नाही. त्याच्या कार्यशाळेतल्या बाईंनीही पत्र दिलं. ही पत्रं फार कामाची. नाशिकला प्रबोधिनीसारख्या संस्थांमध्ये मुलाला वर्षानुवर्षं ओळखणारे शिक्षक आहेत. दृष्टिहीनांसाठी नॅब आहे. अशा माणसाने लिहिलेल्या दहा ओळी कधी कधी वैद्यकीय अहवालाच्या बरोबरीने चालतात.

डॉक्टरांना द्यायच्या लेखी योजनेत हे लिहा: रोजची औषधं कोण बघणार, बघणाराच आजारी पडला तर त्याच्या जागी कोण, तपासणीला दर वेळी कोण नेणार, रक्ताचे रिपोर्ट कोण ठेवणार. दोन नावं हवीतच. एकट्या सत्तरीच्या आईचं नाव असेल तर प्रश्न येणार, आणि तो रास्त आहे.

सोयी प्रत्येकाच्या वेगळ्या. कर्णबधिर रुग्णाला सांकेतिक भाषेचा दुभाषी हवा, आणि दुभाषी म्हणून घरचा माणूस चालवून घेऊ नका. घरचे लोक वाईट बातमी गाळून सांगतात, मीही तेच करते. दृष्टिहीन रुग्णाला अर्ज वाचून दाखवला पाहिजे आणि औषधांच्या पट्ट्या बोटाने ओळखता येतील अशा खुणेच्या हव्यात. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाचं वजन करायला खुर्चीसकट चढेल असा काटा लागतो. नसेल तर वजन अंदाजे लिहिलं जातं आणि औषधाची मात्रा वजनावर ठरते! बौद्धिक दिव्यांगत्व किंवा स्वमग्नता असेल तर अतिदक्षता विभागात ओळखीचं एक माणूस जवळ राहू देण्याची परवानगी आधीच लेखी घ्या. रात्री दोनला दारावरच्या मावशींशी वाद घालायची वेळ येऊ देऊ नका.

संमती कोण देणार?

रुग्ण १८ वर्षांवरचा असेल तर आई-वडील आपोआप पालक उरत नाहीत, हे अनेकांना इथेच पहिल्यांदा कळतं. प्रौढ व्यक्तीला समजेल अशा भाषेत सांगून तिचीच संमती घ्यायची, हा पहिला मार्ग. सुचिता श्रीवास्तव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली सौम्य बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या स्त्रीची स्वतःची इच्छाच मानली होती. विषय गर्भपाताचा होता, मुद्दा संमतीचाच.

मदत देऊनही निर्णय घेता येत नसेल तर २०१६ च्या कायद्याच्या कलम १४ खाली मर्यादित पालकत्व आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व असेल तर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालचा मार्ग जास्त सोयीचा: जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करायचा. याला वेळ लागतो, म्हणून तपासण्या सुरू होतानाच अर्ज टाका. मात्र “आधी पालकत्वाचा कागद आणा, मग तपासू” असं रुग्णालय म्हणालं तर मान्य करू नका. पालकत्व लागलंच तर ते पुढच्या निर्णयांसाठी. रक्त तपासायला आणि सोनोग्राफीला नाही.

दाता घरातला असेल तर

कायद्याने जवळचे नातेवाईक म्हणजे पती-पत्नी, आई-वडील, मुलं, भावंडं, आणि २०११ पासून आजी-आजोबा व नातवंडं. मामा, काका, वहिनी, चुलत भाऊ यात येत नाहीत. त्यांचं प्रकरण प्राधिकार समितीपुढे, म्हणजे अशा दानाला परवानगी देणाऱ्या समितीपुढे, जातं. समितीने नाकारलं तर कलम १७ खाली ३० दिवसांत सरकारकडे अपील करता येतं. रक्तगट जुळत नसेल तर तशाच अडचणीतल्या दुसऱ्या कुटुंबाशी अदलाबदल, ज्याला सगळे स्वॅप म्हणतात, तीही कायदेशीर आहे.

एक गोष्ट ठळक सांगते. बौद्धिकदृष्ट्या अक्षम व्यक्तीचा अवयव ती जिवंत असताना प्रत्यारोपणासाठी काढण्यास कायद्याने मनाई आहे. अवयव घेता येतो, जिवंतपणी देता येत नाही. आमच्याच एका नातेवाइकाने एकदा, दुसऱ्या कुणासाठी, “बाळूची एक किडनी...” असं सुचवलं होतं, तेव्हा त्याच्या किडन्या चांगल्या होत्या. असं सुचवणाऱ्याला चहा न देता निरोप द्या.

प्रतीक्षायादी आणि पैसा

घरात दाता नसेल तर मेंदूमृत दात्याच्या यादीत नाव घालायचं. ही नोंद घरबसल्या होत नाही, परवानाधारक प्रत्यारोपण रुग्णालयामार्फतच होते. आपला नाशिकचा भाग पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या, म्हणजे झेडटीसीसीच्या, कक्षेत येतो. किडनीच्या यादीत डायलिसिसवर किती काळ आहात, हाताचा फिस्टुला (डायलिसिससाठी जोडलेली रक्तवाहिनी) बंद पडला आहे का, अशा गोष्टींचे गुण असतात. दिव्यांगत्वाचे गुण वजा होत नाहीत. २०२३ साली केंद्राने नोंदणीची ६५ वर्षांची वयोमर्यादा आणि त्या त्या राज्याच्या रहिवासाची अट काढून टाकली, नोंदणीशुल्क घेऊ नये असंही सांगितलं. म्हणजे इथे दार लागलं तर मुंबईला किंवा गुजरातेत विचारता येतं. आम्हीही दुसरं मत बाहेरगावीच घेतलं, आणि तिथे बाळूची पहिल्यांदा पूर्ण तपासणी झाली.

नोंद झाल्यावर नाव चालू आहे की स्थगित, हे दर दोन महिन्यांनी समन्वयकाला विचारत जा. जुने रिपोर्ट, साधा ताप, बदललेला फोन नंबर, एवढ्यावरून नाव बाजूला पडतं आणि आपण निवांत बसलेलो असतो.

पैशाचं: महात्मा फुले जनआरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपणाची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाख झाली आहे. योजनेतल्या रुग्णालयातच मिळते, तिथल्या आरोग्यमित्राला गाठा. मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज वेगळा. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’मध्ये एक लाखापर्यंतचं विमाकवच आहे, वर सांगितलेल्या चार प्रकारांसाठी. शस्त्रक्रियेचा खर्च कसातरी जमतो. नंतरच्या गोळ्यांचा दरमहा खर्च आधी विचारा.

तरीही नाहीच म्हणाले तर

आधी रुग्णालयाचा तक्रार निवारण कक्ष. पंधरा दिवस द्या, जास्त नको.

मग पुण्याला राज्य दिव्यांग आयुक्त. साध्या कागदावर अर्ज चालतो, वकील लागत नाही. अर्जासोबत तुमचा पहिला शिक्क्याचा अर्ज, रुग्णालयाचं उत्तर (किंवा उत्तर न दिल्याची नोंद), यूडीआयडी आणि दुसऱ्या डॉक्टरचं मत जोडा. आयुक्तांना चौकशीसाठी दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत: बोलावणं, कागद मागवणं. त्यांची शिफारस आली की संबंधित प्राधिकरणाने काय केलं ते तीन महिन्यांत कळवायचं असतं. कायदा मोडल्याबद्दल पहिल्या वेळी १० हजारांपर्यंत दंड आहे, पुन्हा मोडला तर ५० हजार ते ५ लाख. शिफारस म्हणजे हुकूम नव्हे, आणि तीन महिने डायलिसिसवरच्या माणसाला फार असतात, हे धरून चाला. पण नोटीस पोचल्यावर बऱ्याच गोष्टी आपोआप हलतात.

समांतर म्हणून सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयातलं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. दिव्यांग व्यक्तीला तिथे मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. फोन १५१००. प्रकरण तातडीचं असेल तर उच्च न्यायालयात रिट याचिका. नाशिकसाठी ते मुंबईत. सेवेतल्या त्रुटीबद्दल भरपाई हवी असेल तर ग्राहक आयोग, पण तो मार्ग उपचार मिळवण्याचा नाही, ते नंतरचं.

फोन येईल त्या रात्रीसाठी

यादीत नाव लागलं की काम संपलं असं वाटतं. फोन अवेळी येतो आणि काही तासांत पोचावं लागतं. नाशिक-पुणे सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, त्यात चाकण आणि राजगुरुनगरची कोंडी. चाकाची खुर्ची मावेल अशी गाडी कुणाची, तो रात्री फोन उचलतो का, हे आधीच ठरवून ठेवा. दुभाषी लागणार असेल तर व्हिडिओ कॉलवर येईल अशा दोघांचे नंबर ठेवा. फाइलच्या छायांकित प्रतींचा एक संच बॅगेतच राहू द्या: यूडीआयडी, संमती किंवा पालकत्वाचा कागद, सोबत थांबण्याची लेखी परवानगी, औषधांची चालू यादी.

आमची बॅग दाराजवळच्या खुंटीला आहे. एकदा फोन आला होता. चाळीसेक किलोमीटर गेलो आणि क्रॉसमॅच (दात्याच्या आणि रुग्णाच्या रक्ताची चाचणी) जुळत नाही म्हणून परत फिरवलं. तेव्हा लक्षात आलं की बाळूच्या रात्रीच्या गोळ्यांचा निळा डबा घरीच राहिला होता. असे डबे आता दोन आहेत, एक बॅगेत.